पट कोणी आखला?

दिवाळीच्या पाडव्याला आपल्या शास्त्रकारांनी आणखी एक नाव देऊन ठेवले आहे: द्यूतप्रतिपदा. वर्षभर ज्या फाशाला आपण उंबऱ्याबाहेर ठेवतो, त्याला या एका दिवशी पाट मांडून घरात बोलवायचे, अशी ही जुनी वहिवाट आहे. वेरूळच्या लेण्यांत शंकर-पार्वती दगडात बसून शतकानुशतके सारीपाट खेळत आहेत. त्यांचा डाव अजून उठलेला नाही. तेव्हा करंज्या आणि कडबोळ्यांच्या मध्ये मीही एक पट मांडला, तर सुज्ञ वाचक रागावणार नाहीत अशी आशा आहे. मात्र मी बसलो आहे तो भांडायच्या तयारीने, हे आधीच सांगून टाकतो.

भांडण कशाचे? सांगतो. सध्या शिक्षणात खेळाला बरे दिवस आले आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने खेळातून शिकवण्याचा पुरस्कार केला. २०२३ साली दिल्लीहून लहान मुलांसाठी ‘जादुई पिटारा’ निघाला; त्यात खेळणी, कोडी, बाहुल्या, असा सगळा जामानिमा. छडीच्या जागी फासा आला याचा माझ्यासारख्या मास्तराला आनंदच आहे. त्याच ओघात आणखी एक विचार पुढे आला आहे, की शहरातली ये-जा कशी चालते, बस कुठे थांबते, कोंडी का होते, रस्ता कोणाच्या वाट्याला किती येतो, हेही मुलांना पटावरच्या खेळातून शिकवावे. विचार उत्तम आहे. मी त्याच्या बाजूचा आहे. पण त्या नावाखाली शाळाशाळांतून जे पसरले जाते आहे, त्याच्याशी माझे हाडवैर आहे.

रस्ता सुरक्षेची सापशिडी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. दर जानेवारीत रस्ता सुरक्षेचा सप्ताह किंवा महिना येतो. प्रभातफेरी निघते, घोषवाक्ये रंगतात, आणि त्यांच्या मागोमाग हा पट उलगडला जातो. हेल्मेट घातले, शिडी. झेब्रा पट्ट्यांवरून रस्ता ओलांडला, शिडी. चेंडूमागे धावला, साप. कानाला मोबाईल लावून चालला, साप. यात खोटे काय आहे? काहीच नाही. हेल्मेट घालावे आणि चेंडूमागे धावू नये, हे मीही वर्गात सांगतो. पण तो शंभर घरांचा पट एकदा नीट न्याहाळून पाहा. ‘येथे फुटपाथ नाही’ असे घर त्यात सापडत नाही. ‘झेब्रा पट्टे पुसले गेले, पुन्हा रंगवले नाहीत’ असा साप नाही. ‘सकाळची बस रद्द’ असे कुठे लिहिलेले नाही. आणि दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर मागच्या दिव्याशिवाय अंधारात उभा आहे, असा साप तर आपल्या जिल्ह्यात पहिल्या ओळीत हवा; साखर कारखान्यांची धुराडी पेटली की तो रस्त्यारस्त्यावर भेटतो. पटावर मात्र त्याला जागा नाही. पटावरचा एकूण एक साप मुलाच्या चुकीचा आहे. दहा-बारा डाव खेळून पोराच्या मनावर जे ठसते ते एवढेच, की रस्त्यावर तुला काही झाले तर चूक तुझीच होती.

आता सरकारचाच आकडा पाहू. २०२२ साली भारतातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. म्हणजे दिवसाला सुमारे ४६०. त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती. हे सारे का चेंडूमागे धावत होते? यांतल्या कित्येकांना चालायला दुसरी जागाच नव्हती, हे सांगायला कोणा तज्ज्ञाची गरज नाही. नगर-मनमाड रस्त्यावर राहुरी, कोल्हार, बाभळेश्वर, राहाता यांपैकी कुठेही सकाळी दहा वाजता उभे राहावे आणि पाठीवर दप्तर घेतलेली मुले कुठून चालतात ते पाहावे. ज्या महाराष्ट्राने चालण्यालाच भक्ती मानले, ज्याच्या निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून निघून आपल्याच जिल्ह्यातून पंढरीला पायी जाते, त्या महाराष्ट्रात चालणारा माणूस रस्त्यावरचा उपरा ठरला आहे.

या सापशिडीचे मूळ आपल्या घराच्या फार जवळ आहे. परंपरा अशी सांगते की ज्ञानेश्वर आणि निवृत्तिनाथ माधुकरीला जात, तेव्हा धाकट्या सोपान-मुक्ताईला विरंगुळा म्हणून मोक्षपट रचला गेला. त्याच ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, प्रवरेच्या काठी नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली, आणि नेवासे आपल्याच जिल्ह्यात आहे. मोक्षपटात सद्गुणांच्या शिड्या, दुर्गुणांचे साप, आणि कवड्यांचे दान म्हणजे पदरी आलेले कर्म. खेळणारा जीव खालून वर निघाला आहे. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात गेला, तिथे त्याने पाटलोण चढवली आणि साहेब होऊन परत आला.

मोक्षपटाला माझा नमस्कार आहे. जीवाच्या प्रवासात पट कोणी आखला हे विचारायचे कारण नाही. तो विधात्याने आखला असे मानून खेळणारा फासा टाकतो आणि आपल्या गुणदोषांकडे पाहतो. तिथे ते शोभते. पण माळीवाड्यापासून तारकपूरपर्यंतचा रस्ता विधात्याने आखलेला नाही. त्याचा नकाशा असतो, अंदाजपत्रक असते, निविदा निघते, आणि कागदाच्या तळाशी कोणाची तरी सही असते. मोक्षाचा पट उचलून जसाच्या तसा डांबरी रस्त्यावर पसरला, की माणसांच्या सह्या पुसल्या जातात आणि उरते ते पोराचे पाप-पुण्य. माझे भांडण आहे ते हे. मुलांना रस्त्याबद्दल जो पट शिकवायचा, त्याने ‘नियम पाळ’ एवढेच सांगून थांबू नये. ‘हा पट कोणी आखला, आणि तो बदलता येतो का?’ हा प्रश्न त्याने मुलाच्या तोंडी घातला पाहिजे. जो पट एवढे करीत नाही, तो शिक्षण नव्हे. ती आज्ञाधारकपणाची तालीम आहे.

खेळाची शिकवण झाकणावर छापलेल्या उपदेशात नसते, ती खेळाच्या नियमांत असते. याचा दाखला सातासमुद्रापलीकडचा आहे. अमेरिकेत एलिझाबेथ मॅगी नावाच्या बाईंनी १९०४ साली एका खेळाचे पेटंट घेतले. त्याचे नाव ‘जमीनदाराचा खेळ’. जमिनीच्या भाड्यावर काही थोडे लोक कसे गबर होतात आणि बाकीचे कसे भिकेला लागतात, हे लोकांना कळावे म्हणून तो रचला होता. बाईंनी नियमही दोन प्रकारचे केले होते. एका प्रकारात कोणाही एकाची भरभराट झाली की सगळ्यांच्या पदरात काही पडे. दुसऱ्यात एकजण सर्वांना लुबाडी. पुढे १९३५ साली एका कंपनीने पाचशे डॉलर टेकवून बाईंचे पेटंट विकत घेतले. ‘मोनोपॉली’ या नावाने जगभर गाजला तो लुबाडण्याचा प्रकार. भल्याचे नियम गळाले आणि बाईंचा उपदेशही त्यांच्याबरोबर गेला. आज तो खेळ खेळून जमीनदारीचा कोणाला तिटकारा येतो? उलट शेजाऱ्याचे दिवाळे काढले की पोरे टाळ्या पिटतात. हेतू कितीही पवित्र असो, नियम उलटा असला की शिकवण उलटीच होते.

त्याच घराण्यातला आपला ‘व्यापार’. दिवाळीच्या सुट्टीत माजघरात सतरंजी पसरून तो न खेळलेला मराठी माणूस विरळा. मीही त्यात रात्रीच्या रात्री घालवल्या आहेत आणि त्यातली मजा नाकारण्याइतका मी अरसिक नाही. पण त्याने आपल्याला शहर म्हणजे काय शिकवले? मुंबई आली, विकत घ्या. रेल्वे आली, तिकीट काढून बसायचे नाही. तीही विकत घ्यायची आणि दुसऱ्याकडून भाडे उकळायचे! त्या साऱ्या पटावर एकही माणूस कामावर जात नाही, एकही मूल शाळेत जात नाही, कोणी बसची वाट पाहत नाही. पिढ्यान् पिढ्या मुलांनी दिवाळीच्या सुट्टीत शहर हे चालण्याची, भेटण्याची जागा नसून ताब्यात घेण्याची वस्तू आहे, हा धडा गिरवला. तीच मुले मोठी होऊन नगरपालिकांत गेली, तर पुढे जे झाले त्याचे नवल का वाटावे?

दुसरीकडे १९८३ साली जर्मनीत निघालेला ‘स्कॉटलंड यार्ड’ हा खेळ पाहा. लंडनच्या नकाशावर एक चोर पळतो आणि बाकीचे त्याचा पाठलाग करतात. कोणी टॅक्सीने, कोणी बसने, कोणी भुयारी रेल्वेने. प्रत्येकाजवळ तिकिटे मोजकी. झाकणावर कसला उपदेश नाही. पण चार डाव खेळलेल्या पोराला आपोआप कळते की टॅक्सी जवळचे गाठते, भुयारी रेल्वे लांबचे गाठते, पण ती ठरावीक ठिकाणीच थांबते, आणि कुठे गाडी बदलायची हे ज्याला कळले तोच पुढे जातो. तो खेळ चोर पकडण्याचा आहे, हे मला मान्य. पण ये-जा करण्याचे शास्त्र त्याच्या नियमांत मुरलेले आहे. हे लंडनचे झाले. आमच्या पोरांना लंडनचा नकाशा पाठ व्हावा आणि आपल्या गावाचा होऊ नये, ही काही भूषणाची गोष्ट नाही.

तेव्हा आपल्या गावाकडे वळू. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. जिभेवर अजून नगर आहे, ते वाचकांनी गोड मानून घ्यावे. या नगराला पटावर मानाचे पहिले घर द्यावे लागेल, कारण १ जून १९४८ रोजी आपल्या एसटीची पहिली गाडी धावली ती नगर-पुणे मार्गावर. आज शहरात एसटीची तीन स्थानके आहेत: माळीवाडा, तारकपूर आणि स्वस्तिक चौकाजवळचे पुणे बसस्थानक. खेड्यातली म्हातारी एका स्थानकावर उतरते, तिची पुढची गाडी दुसऱ्यावरून सुटते, आणि मधला रस्ता तिने गाठोडे घेऊन कसा काटायचा हा प्रश्न तिचा. शहरबस ठेकेदाराकडे गेली, बंद पडली, पुन्हा सुरू झाली. हा पाठशिवणीचा खेळ नगरकरांना तोंडपाठ आहे. २०२२ साली शहरात उड्डाणपूल झाला. शहरातून नुसतेच पुढे जाणाऱ्याची त्याने सोय झाली, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. पुलाखालून रस्ता ओलांडणाऱ्याची किती झाली, हे ज्याचे त्याने पायी जाऊन पाहावे.

हे सगळे मी माझ्या वर्गातल्या मुलांपुढे मांडायचे ठरवले. मी काही नगररचनेचा पंडित नव्हे. मॅट्रिकच्या पुढे माझी मजल गेली नाही आणि कादंबऱ्या लिहिण्याला रस्ताबांधणीचे ज्ञान लागत नाही. एक जुनी दिनदर्शिका पालथी घातली, तिच्या पाठीवर मुलांनी शहर काढले. चौक, शाळा, सरकारी दवाखाना, मार्केट यार्ड, बसस्थानके आणि बाहेर मळ्यातल्या वस्त्या. सोंगट्यांना चिंचोके, दानाला फासा, पैशाला कवड्या. खर्च शून्य. ज्यांना हा पट घरी मांडायचा असेल त्यांच्यासाठी नियम सांगतो.

प्रत्येकाने चिठ्ठी उचलायची. कोणी आठवीतली मुलगी होते, जिला वस्तीवरून हायस्कुलात जायचे आहे. कोणी दवाखान्यात निघालेले आजोबा, कोणी भाजीची पाटी घेतलेली बाई, कोणी सायकलवरचा कामगार, कोणी मोटारसायकलवरचा कारकून, कोणी मोटारवाले शेठ. चौकात एका वेळी तीस चिंचोके मावतात. मोटारीला सहा लागतात, मोटारसायकलला दोन, सायकलला एक, बसला पंधरा. फुटपाथ काढलेला असेल तर चालणाऱ्याला रस्त्यावरचा चिंचोका लागत नाही. नसेल तर त्याचाही एक रस्त्यावरच ठेवायचा. तीस भरले की मागचे सगळे थांबले, मग शेठ असोत की आजोबा.

आता हिशेब करा. पाच मोटारी आल्या की चौक भरला. माणसे गेली पाच, फार तर दहा. दोन बस आल्या तरी चौक भरतोच, पण माणसे जातात ऐंशी. हे गणित तिसरीच्या मुलाला सुटते. २००६ सालच्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात हेच सांगितले आहे, की रस्त्यावरून माणसे हलवायची आहेत, वाहने नव्हेत. धोरणात जे जड भाषेत पडून राहिले, ते चिंचोक्यांनी अर्ध्या तासात शिकवले. पहिल्या डावात प्रत्येक पोराला मोटारवाल्या शेठची चिठ्ठी हवी होती. मग मी दुसरा डाव सगळ्यांना शेठ करून खेळवला. चौथ्या फेरीला सारे शेठ चौकात अडकून एकमेकांकडे पाहत बसले, आणि वर्गात हशा पिकला.

पण खरी मौज, किंवा खरी व्यथा, आठवीतल्या मुलीच्या चिठ्ठीत आहे. ती चिठ्ठी उचलणाऱ्याला एक पास मिळतो. अहिल्यादेवींच्या नावाने ग्रामीण मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास मिळतो. सरकारच्या चांगल्या योजना मोजायच्या झाल्या तर ही पहिल्या पाचांत यावी. मात्र खेळाचा नियम असा, की फाशावर सहा पडले तरच वस्तीच्या फाट्यावर बस येते. पास फुकट, बस सहाच्या दानावर. एका मुलीला चार फेऱ्यांत सहा पडेनात. तिने विचारले, “सर, सहा पडलेच नाहीत तर?”

“मग घरी थांबायचे.”

“पण हजेरी लागणार नाही. बाबा म्हणतील, रोज रोज काय गाडीची वाट बघतेस, राहा घरीच.”

वर्ग गप्प झाला. हा प्रश्न पटावरचा नव्हता, हे सगळ्यांना कळले होते. २०२१ च्या अखेरीस एसटीचा संप झाला आणि पुढच्या वर्षाच्या एप्रिलपर्यंत गाड्या सुरळीत झाल्या नाहीत, तेव्हा खेड्यापाड्यांतल्या कितीतरी मुलींची शाळा अशीच लांब गेली. रस्त्याची लांबी तेवढीच होती. कर्मचाऱ्यांच्या मागण्या खऱ्या होत्या, त्यांचे हाल खरे होते. मी इथे कोणाला दोषी ठरवीत नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की मुलीच्या शिक्षणाचा निकाल परीक्षेत लागायच्या आधी बसच्या वेळापत्रकात लागतो, आणि सुरक्षेच्या सापशिडीत हे वेळापत्रक कुठेच नाही.

इथून खेळाचा दुसरा भाग सुरू होतो, आणि माझ्या मते खरे शिक्षण इथेच आहे. मुलांपुढे बारा कवड्यांची तिजोरी ठेवायची. उड्डाणपूल बारा कवड्या, फुटपाथ चार, एक जादा बस तीन, रस्ता ओलांडायचा सिग्नल एक. काय घ्यायचे ते सगळ्यांनी मिळून ठरवायचे, आणि हात वर करण्याआधी प्रत्येकाने आपल्या चिठ्ठीतल्या माणसाच्या वतीने दोन वाक्ये बोलायची. मग नवा पट आखून पुन्हा खेळायचे. एका गटाने पूल घेतला. शेठ सुटले, मुलगी फाट्यावरच राहिली. दुसऱ्या गटाने फुटपाथ, दोन बस आणि दोन सिग्नल घेतले. बारा कवड्या तिथेही बरोबर संपल्या. कोणते बरोबर, हे मी सांगितले नाही. त्यांनीच पुढचे दोन डाव खेळून पाहिले.

आता आक्षेपकांकडे वळतो. दिवाळीला त्यांनाही फराळ द्यायला हवा.

पहिले गृहस्थ म्हणतात, “मुलांना राजकारण शिकवता काय?” होय, जर बारा कवड्यांचा हिशेब मांडणे हे राजकारण असेल तर शिकवतो. आपल्याच जिल्ह्यात हिवरेबाजारच्या ग्रामसभेत गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. किती पडले, किती मुरले, कोणते पीक घ्यायचे, कोणते नाही. त्या गावाला कीर्ती मिळाली ती पाण्याचे नियम गावाने बसून ठरवले म्हणून. पाण्याचा ताळेबंद मांडलेला चालतो, मग रस्त्याचा का नको?

दुसरे म्हणतात, “रस्ते काय पोरे बदलणार?” जिथे बदलले आहेत तिथले सांगतो. १९७२ साली आम्स्टरडॅममधल्या एका दाटीच्या वस्तीतली मुले, आम्हाला खेळायला रस्ता द्या म्हणून मोटारींच्या विरुद्ध उभी राहिली. त्यांचा चित्रपट तेव्हा तिथल्या दूरचित्रवाणीवर दाखवला गेला. त्या दशकात त्या देशात रस्त्यावर मुले मरतात म्हणून आईबापांनी चळवळ केली, आणि आज तिथली मुले सायकलवर शाळेत जातात. आणि नियम बदलतात ते नेहमी भल्यासाठीच, असेही नाही. पुण्यात याच नगर रस्त्यावर २०१६ साली बससाठी वेगळी मार्गिका सुरू झाली, आणि २०२३ साली ती काढायला घेतली. मार्गिका चुकीची बांधली होती असे कोणी म्हणेल, असेलही. पण ती बांधताना आणि उखडताना बसमधल्या माणसाची चिठ्ठी कोणाच्या हातात होती?

तिसरे गृहस्थ मात्र माझ्याच बाजूचे वाटतात, आणि म्हणून त्यांची भीती जास्त. ते म्हणतात, “वा, खेळ खेळवला, काम झाले!” नाही महाराज, झाले नाही. खेळ खेळवून हात झटकणे आणि निबंध लिहायला लावून हात झटकणे यांत फरक तो काय? १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात महागड्या मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. चालवणारा अल्पवयीन. त्याला जामीन देताना बालन्याय मंडळाने घातलेल्या अटींत एक होती, अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध. पुढे तो आदेश बदलला गेला, पण निबंध लोकांच्या लक्षात राहिला. माझ्यासारख्या निबंध तपासणाऱ्या मास्तराची त्या दिवशी मान खाली गेली. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, असे २०१९ सालच्या दुरुस्तीने कायद्यात आले आहे. म्हणजे कायद्यालाही कळते की पट पोरानेच आखलेला नसतो. म्हणून खेळ झाल्यावर मुलांना शाळेच्या फाटकाशी पाव तास उभे करावे. किती मोटारी गेल्या, त्यांत किती माणसे. किती पायी गेले, ते कुठून चालले. हे मोजू द्यावे. आणि तो आकडा पत्रात लिहून महानगरपालिकेला किंवा आगारप्रमुखांना पाठवू द्यावा. उत्तर येईल की नाही हा पुढचा धडा. तोही अभ्यासक्रमातच धरावा.

मोटारीचा मला द्वेष आहे असे कोणी समजू नये. आपला कांदा ट्रकमधूनच बाजारात जातो, आणि बाळंतिणीला दवाखान्यात नेणारी गाडी वेळेवर यायची असेल तर चौकात तिच्यापुरते चिंचोके मोकळे हवेत. म्हणून तर चिंचोके मोजायचे! आणि ज्यांना हे सारे मास्तराचे खूळ वाटते त्यांच्यासाठी एक बातमी. मे २०२५ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की अडथळ्यांविना चालायला फुटपाथ मिळणे हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. चालणारा आता उपरा राहिलेला नाही. कागदावर त्याचे घर पक्के झाले आहे. कागदावरचे रस्त्यावर आणायचे ते मात्र आपल्यालाच.

तेव्हा या सुट्टीत किल्ला बांधून झाला, फटाके संपले, पोरे कंटाळली, की जुनी दिनदर्शिका काढा आणि तिच्या पाठीवर आपले गाव आखा. मुलांना एकट्याने खेळू देऊ नका, मोठ्यांनीही बसावे. घरात मोटारवाले काका असतील तर त्यांना आग्रहाने बोलवा, चकल्यांची ताटली पुढे ठेवा, आणि चिठ्ठ्या वाटताना थोडी लबाडी करून आठवीतल्या मुलीची चिठ्ठी त्यांच्याच हातात पडेल असे पाहा. मग फासा द्या. सहा पडेपर्यंत त्यांना उठू देऊ नका.